गोलागणिक वर्गणी: देणगी गोळा करून देणाऱ्या एका संकेतस्थळाचा हंगामभराचा अनुभव

परळच्या आमच्या इमारतीतल्या चौदा जणांनी गेल्या हंगामात इंग्लंडच्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेच्या मागोमाग जाऊन, गोलागणिक वर्गणी काढली आणि टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना दोन वेळचे जेवण पुरवणाऱ्या एका न्यासासाठी पैसे उभे केले. पैसे गोळा करणे, पावत्या देणे आणि रक्कम न्यासाकडे पोहोचवणे ही तिन्ही कामे आम्ही देणग्या गोळा करून देणाऱ्या एका संकेतस्थळावर सोपवली होती. नोव्हेंबर २०२४ ते मे २०२५ असे सात महिने ती सेवा वापरल्यानंतर तिच्याविषयी बरेवाईट जे दिसले, ते येथे लिहीत आहे. संकेतस्थळाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला बोलायचे आहे ते या सेवेच्या रीतीविषयी. त्यातून मी इमारतीच्या गणेशोत्सव मंडळाचा अकरा वर्षे खजिनदार असल्यामुळे पावती पुस्तकाच्या चष्म्यातूनच सगळे पाहतो, हेही आधीच कबूल केलेले बरे.

कल्पना माझ्या भाच्याची. तो इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. तिकडे हौशी मंडळी कपाच्या एखाद्या सुरुवातीच्या सामन्याला जातात, त्यात जो संघ जिंकेल त्याला आपला मानतात, पुढच्या फेरीत तो हरला तर त्याला हरवणारा संघ आपला होतो, आणि असे करत करत लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचतात. वाटेत ओळखीपाळखीच्या लोकांकडून एखाद्या सत्कार्यासाठी पैसे जमवतात. या रीतीतली खुबी अशी की आपला संघ स्पर्धेबाहेर कधी पडतच नाही. आवडता संघ जानेवारीतच गारद झाला म्हणजे लोकांचा उत्साह मावळतो आणि वर्गणीही त्याबरोबर आटते. येथे मात्र हरणाऱ्याचा वारसा जिंकणाऱ्याकडे जातो आणि वही चालू राहते.

त्यासाठी स्पर्धा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत बाद पद्धतीची हवी. आपल्याकडच्या ड्युरँड कप या फुटबॉल स्पर्धेत आधी गटसाखळी असते, त्यामुळे ती या खेळाला उपयोगी नाही. कुपरेजवर भरणारा रोव्हर्स कप असता तर इंग्लंडपर्यंत जाण्याची गरजच नव्हती; १८९१ साली सुरू झालेली ती स्पर्धा या शतकाच्या तोंडाशी बंद पडली आणि आमच्या इमारतीतले दोघे म्हातारे अजूनही तिची आठवण घरातले माणूस गेल्यासारखी काढतात. एफए कप १८७१-७२ च्या हंगामात पंधरा संघांच्या नावनोंदणीने सुरू झाला आणि आता त्यात सातशेहून अधिक संघ उतरतात. अगदी खालच्या पात्रता फेऱ्या ऑगस्टमध्येच सुरू होतात, पण ऑगस्टमध्ये आम्ही गणपतीच्या वर्गणीत गुंतलेले असतो, म्हणून आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीपासून मागोवा घ्यायचे ठरवले. ज्या फेरीत जो संघ पुढे जाईल, त्याच्या प्रत्येक गोलामागे ज्याने त्याने कबूल केलेली रक्कम द्यायची, एवढाच नियम होता. कोणी गोलाला पन्नास रुपये लिहिले, कोणी पाचशे. चौदा जणांची बेरीज गोलाला २,६०० रुपये झाली.

एका शेजाऱ्याने सुचवले की जिंकणाऱ्या संघाचा अंदाज बरोबर आला तर त्या माणसाला जमलेल्या रकमेतला थोडा भाग बक्षीस म्हणून द्यावा. तेवढे मात्र मी हाणून पाडले. अंदाजावर पैसे लावून त्यातून पैसे मिळवणे म्हणजे जुगारच. आपल्याकडे १८८७ पासून जुगार प्रतिबंधक कायदा आहे, आणि धर्मकार्याच्या नावाखाली केला म्हणून त्या कृत्याचे नाव बदलत नाही.

आता सेवेकडे वळतो. संकेतस्थळावर आमच्या उपक्रमाचे पान तयार करायला मला पाऊण तास लागला आणि त्यातला अर्धा तास न्यासाचे कागद चढवण्यात गेला. न्यासाची नोंदणी, पॅन, देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत देणाऱ्या ८०जी कलमाचे प्रमाणपत्र आणि बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश ही कागदपत्रे मागितली गेली, आणि न्यासाच्या कार्यालयात दूरध्वनी करून हा उपक्रम तुम्हाला माहीत आहे ना, अशी खातरजमाही करण्यात आली. हे मला मनापासून आवडले. सार्वजनिक वर्गणीसाठी आमचे मंडळ दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क खालची परवानगी काढते, त्यामुळे कोणाच्याही नावाने कोणीही पैसे मागू नयेत याचे महत्त्व मला कळते. पैसे माझ्या खात्यात न येता संकेतस्थळामार्फत न्यासाच्या खात्यात जाणार होते, ही दुसरी चांगली गोष्ट. खजिनदाराच्या खात्यात दुसऱ्याचे पैसे एक रात्रही राहू नयेत, असे माझे मत आहे.

अडचण आली ती पान लिहिताना. हे संकेतस्थळ मुळात एकाच प्रसंगासाठी, एकदाच आणि घाईने मागितलेल्या मदतीसाठी बांधलेले आहे. ‘तातडीचे’ अशी लाल पट्टी, उरलेल्या दिवसांची उलटी मोजणी आणि रुग्णाचा चेहरा दिसेल असे छायाचित्र यांवाचून पान अपूर्ण असल्याचे ते वारंवार सांगत राहते. आमचे काम तसे नव्हते. आम्हाला सात महिने, फेरीमागून फेरी, प्रत्येक वेळी निराळी रक्कम गोळा करायची होती आणि कोणाच्या दुःखाचे छायाचित्र लावायचे नव्हते. ‘गोलामागे अमुक रुपये’ असे वचन नोंदवून ठेवण्याची सोय तेथे नाही; त्यामुळे वचनांची वही मी हातानेच ठेवली, प्रत्येक सामन्यानंतर ज्याची त्याची रक्कम काढली आणि पानाचा दुवा सगळ्यांना पाठवला. म्हणजे हिशेबाचा जिकिरीचा अर्धा भाग माझ्याकडेच राहिला. पानावर मजकुराची भर घालता येते, हे मात्र कामी आले. प्रत्येक फेरीनंतर मी दोन ओळी लिहीत असे आणि त्या वाचून इमारतीबाहेरच्याही काहींनी न मागता पैसे दिले.

त्या ओळी लिहायला विषयही भरपूर मिळाला. पहिल्या फेरीसाठी आम्ही केटरिंग टाउन आणि नॉर्दम्प्टन टाउन हा सामना निवडला होता, कारण दोन शेजारगावांतली ती चुरस होती आणि इंग्लंडच्या फुटबॉलच्या उतरंडीत केटरिंगचा संघ सातव्या स्तरावरचा, तर नॉर्दम्प्टन तिसऱ्या स्तरावरचा. तारीख १ नोव्हेंबर, म्हणजे आपल्याकडे लक्ष्मीपूजन. सामना तिकडे संध्याकाळचा असल्याने आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. फटाक्यांच्या धुरात गच्चीवर सहा जण एका फोनभोवती बसून आकडे बदलण्याची वाट पाहत होतो. केटरिंगने जादा वेळेत २-१ असा विजय मिळवला, नाइल रेंजरने निर्णायक गोल केला, आणि ज्या गावाचे नाव त्याआधी आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते त्या गावासाठी पाडव्याच्या पहाटे शेवटची फटाक्यांची माळ लावली गेली. दुसऱ्या फेरीत डॉनकास्टरने केटरिंगला हरवले, तिसऱ्या फेरीत डॉनकास्टरने हल सिटीला १-१ अशा बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउटवर बाहेर काढले, आणि चौथ्या फेरीत क्रिस्टल पॅलेसने डॉनकास्टरला २-० असे नमवले. तेथून पुढे वारसा पॅलेसकडेच राहिला.

हल सिटीच्या सामन्याने आमच्यात पहिले भांडण लावले. शूटआउटमधले गोल मोजायचे की नाही? फुटबॉलच्या नोंदीत ते संघाच्या गोलसंख्येत धरत नाहीत आणि सामना बरोबरीतच सुटला असे लिहितात; त्यामुळे आम्हीही फक्त एकच गोल धरला, पण तोपर्यंत दोघांनी शूटआउटचे मिळून पैसे भरून टाकले होते. पाचव्या फेरीत, १ मार्चला, पॅलेसने मिलवॉलला ३-१ असे हरवले, आणि त्या तिनांतला पहिला मिलवॉलच्या खेळाडूकडून झालेला स्वयंगोल होता. तो मोजावा असे बहुमत पडले, कारण गोल कोणाच्या पायाने का होईना, पॅलेसच्या खात्यात पडला होता. असे कोणी करू पाहत असेल तर शूटआउट, स्वयंगोल आणि जादा वेळ यांचे नियम पहिल्या सामन्याआधी लिहून काढावेत. आम्ही ते केले नाही, आणि शूटआउटचे जादा भरलेले पैसे परत मिळवताना सेवेतली पहिली खोट दिसली: चोवीस तासांनंतर परतफेडीची विनंती घेतलीच जात नाही. दोघांनीही शेवटी ते पैसे दान समजून सोडून दिले, त्यामुळे न्यासाचा फायदाच झाला, पण सेवेला त्याचे श्रेय देता येत नाही.

माझी खरी तक्रार पैसे भरण्याच्या पडद्याविषयी आहे. उपांत्य सामन्यात पॅलेसने ॲस्टन व्हिलाला ३-० असे हरवले, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गोलाला पाचशेप्रमाणे १,५०० रुपये भरायला घेतले आणि फोन माझ्यासमोर धरून विचारले, “अहो, हे सतराशे दहा कसे झाले?” पाहिले तर खालच्या बाजूला, बारीक अक्षरांत, संकेतस्थळाला ‘स्वेच्छेने’ द्यायचे चौदा टक्के, म्हणजे २१० रुपये, आधीच धरलेले होते. ते काढायचे तर टक्क्यांच्या यादीत शून्य नाही. यादीच्या तळाशी ‘इतर’ निवडायचे, रिकाम्या चौकटीत हाताने शून्य लिहायचे, मग ‘तुमच्या मदतीवाचून आम्ही हे काम करू शकणार नाही’ अशा अर्थाची पाटी येते, तिला नकार द्यायचा, तेव्हा कोठे रक्कम १,५०० वर येते. काकूंनी आधीच्या फेऱ्यांत किती दिले ते आम्ही मागे जाऊन पाहिले, आणि प्रत्येक वेळी चौदा टक्के गेलेले होते. स्वेच्छा ही अशी माणसाच्या नकळत घडत नसते.

ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी संकेतस्थळांवरच्या फसव्या रचनांविरुद्ध (डार्क पॅटर्न) मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि तेरा प्रकार नावानिशी सांगितले. पैसे भरताना ग्राहकाच्या संमतीवाचून जादा वस्तू किंवा देणगीची रक्कम घुसडणे हा त्यांतलाच एक प्रकार आहे. संकेतस्थळाचे म्हणणे असे पडेल की रक्कम पडद्यावर दिसते आणि ती बदलता येते. दिसते हे खरे, पण सत्तरीच्या बाईला चष्मा लावूनही शोधावी लागते.

सेवा चालवायला खर्च येतो, हे मला मान्य आहे, आणि तो मागण्यात गैर काही नाही. आमच्या मंडळाचीसुद्धा पावती पुस्तके छापायला पैसे लागतात. पण तो खर्च आम्ही जमाखर्चात वेगळ्या ओळीत दाखवतो. येथे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘शून्य शुल्क’ असे लिहिलेले असते, आणि न्यासाला रक्कम पाठवताना ‘व्यवहार खर्च’ या नावाखाली दोन टक्के आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी कापला जातो. उपांत्य सामन्याचे आमचे ७,८०० रुपये न्यासाकडे पोहोचले तेव्हा ७,६१५ रुपये ९२ पैसे झाले होते. यूपीआयने केलेल्या भरण्यावर व्यापारी शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य आहे आणि आमच्या सगळ्यांनी यूपीआयनेच पैसे भरले होते. तरीही सरसकट कापणी का, असे मी लेखी विचारले. चार दिवसांनी उत्तर आले, तेही माझ्या प्रश्नाचे नव्हते, तर पासवर्ड कसा बदलावा याचे होते.

खेळ आणि दानधर्म यांची सांगड जुनी आहे आणि तिच्यातली हिशेबाची ढिलाईही तितकीच जुनी. लंडनमध्ये १८९८ साली शेरिफ ऑफ लंडन चॅरिटी शील्ड नावाची स्पर्धा सुरू झाली, तिचे उत्पन्न रुग्णालयांना आणि धर्मादाय संस्थांना जात असे. तिच्याच वाटेवर १९०८ मध्ये चॅरिटी शील्डचा सामना आला, आणि पुढे कितीतरी दशके इंग्लंडचा हंगाम त्याच सामन्याने सुरू होत राहिला. पण तिकिटांच्या पैशांतले नेमके किती दानात जातात हे प्रेक्षकाला नीट सांगितले जात नाही आणि संस्थांना पैसे उशिरा मिळतात, असा ठपका तिथल्या धर्मादाय आयोगाने फुटबॉल संघटनेवर ठेवला, आणि २००२ पासून त्या सामन्याच्या नावातून ‘चॅरिटी’ हा शब्दच गेला. आता त्याला कम्युनिटी शील्ड म्हणतात. भाच्याने हे सांगितले तेव्हा मी त्याला म्हटले, तुमच्याकडे निदान शब्द तरी काढला.

जानेवारी २०२१ मधला मरीन या आठव्या स्तरावरच्या संघाचा टॉटनहॅमविरुद्धचा सामना मला या संदर्भात मुद्दाम आठवतो. साथीमुळे प्रेक्षकांना बंदी होती, म्हणून मरीनने दहा पौंडांची आभासी तिकिटे काढली आणि ती तीस हजारांहून अधिक खपली. संघ ०-५ असा हरला, पण जगला. घेणाऱ्याला पक्के ठाऊक होते की दहा पौंड कोणाला जाणार आहेत. त्यावर चौदा टक्क्यांची बारीक अक्षरे कोणी लावली असती तर इतकी तिकिटे खपली असती का, याची मला शंका आहे.

परदेशातून येणाऱ्या पैशांच्या बाबतीत मात्र संकेतस्थळ अगदी चोख निघाले. भाच्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतले आहे. त्याने केटरिंगच्या विजयावर खूश होऊन वीस पौंड भरायचा प्रयत्न केला, तर कार्ड तत्काळ नाकारले गेले आणि कारणही स्पष्ट मराठीत दिसले. परदेशी नागरिकाची देणगी घ्यायची तर न्यासाकडे विदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. आमच्या छोट्या न्यासाकडे तशी नोंदणी नाही. भाचा रागावला, पण नियम मोडून पैसे घेतले असते तर न्यासच अडचणीत आला असता. त्याने ते पैसे तिकडच्याच एका संस्थेला दिले, आणि तेथे करदात्याच्या पौंडामागे सरकार गिफ्ट एड या योजनेखाली पंचवीस पेन्सांची भर घालते, हे ऐकून आमच्या इमारतीत थोडा वेळ शांतता पसरली.

पावत्यांचे प्रकरण जरा लांबले. देणगी भरल्याबरोबर ईमेलने पावती येते, तिच्यावर न्यासाचे नाव, पॅन आणि रक्कम असते, आणि लोकांना वाटते की काम झाले. प्राप्तिकराची सवलत मात्र त्या कागदावर मिळत नाही. न्यासाने वर्षअखेरीनंतर ३१ मेपर्यंत १०बीडी हे विवरण भरायचे आणि त्यातून निघणारे १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचे, तेव्हा ती मिळते. शिवाय नव्या करप्रणालीत ८०जी ची सवलतच नाही, त्यामुळे इमारतीतल्या तरुण नोकरदारांना त्या प्रमाणपत्राचा उपयोग शून्य. जुन्या प्रणालीत राहिलेल्या आम्हा पाच-सहा जणांचाच प्रश्न होता. आणि तेथेच फुटबॉलच्या हंगामाने आम्हाला कात्रीत धरले. उपउपांत्य सामना २९ मार्चला झाला, पॅलेसने फुलहॅमला ३-० असे हरवले, शनिवारची रात्र, रविवारी सगळे उशिरा उठले, सोमवारी ३१ मार्चला काहींनी पैसे भरले आणि ते संकेतस्थळाच्या खात्यात आठ दिवस पडून राहून एप्रिलमध्ये न्यासाकडे पोहोचले. न्यासाने ते नव्या आर्थिक वर्षात नोंदवले, आणि पैसे मार्चमध्ये देऊनही प्रमाणपत्र एक वर्ष पुढे गेले. रक्कम दर आठवड्याला एकदाच पाठवली जाते, हे पानावर कोठेही ठळकपणे लिहिलेले नाही. मार्चअखेरीला तरी त्यांनी सूचना द्यायला हवी होती. साधा किराणा दुकानदारसुद्धा ३१ मार्चला उधारीची आठवण करून देतो.

रोख देणाऱ्यांचाही एक प्रश्न आला. चौकातल्या चहावाल्याने दोन-तीनदा रोख पैसे दिले. संकेतस्थळ रोख घेत नाही, म्हणून मी न्यासाच्या कार्यालयात नेऊन पावती आणून दिली. कार्बन कागद घालून हाताने लिहिलेली ती पावती त्याने दुकानातल्या आरशाच्या चौकटीत खोचून ठेवली आहे. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जी ची सवलत नसते, पण त्याची देणगी तेवढी नव्हती आणि त्याला सवलतही नको होती.

मँचेस्टर सिटीविरुद्धचा अंतिम सामना १७ मे रोजी आपल्या रात्री नऊ वाजता सुरू झाला. सोसायटीच्या कार्यालयात भिंतीवर पडदा लावून सगळ्यांनी तो पाहिला. सोळाव्या मिनिटाला पॅलेसच्या एझेने गोल केला आणि वहीतल्या पॅलेसच्या नावापुढची बेरीज पाच सामन्यांत बारा झाली. पुढे सिटीला पेनल्टी मिळाली आणि पॅलेसचा गोलरक्षक हेंडरसनने ती अडवली, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच काकूंनी विचारले, “गोल वाचवल्याचे काही नाही का हो?” वहीत तसे कलम नव्हते. त्यांनी आपणहून पाचशे रुपये भरले, आणि या वेळी शून्य कोठे लिहायचे ते त्यांना पाठ झाले होते. पॅलेसने सामना १-० असा जिंकला. त्या क्लबचे ते पहिलेच मोठे अजिंक्यपद.

एकरकमी दिलेल्यांसकट आमची एकूण रक्कम पन्नास हजारांच्या थोडी वर गेली. एका अडचणीत सापडलेल्या माणसासाठी चार दिवसांत पैसे उभे करायचे असतील तर ही सेवा वापरावी असे मी म्हणेन, कारण कागद तपासण्यात ती काटेकोर आहे आणि पैसे योग्य ठिकाणी पोहोचतात. मात्र भरणाऱ्या प्रत्येकाला ‘इतर’मध्ये शून्य लिहायला आधी शिकवावे. हंगामभर चालणाऱ्या वर्गणीसाठी मी ती पुन्हा घेणार नाही. पुढच्या हंगामात न्यासाचा यूपीआय क्यूआर कोड जिन्याखालच्या सूचना फलकावर लागेल, वही माझ्याकडे असेल, आणि शूटआउट व स्वयंगोलाचे नियम तिच्या पहिल्याच पानावर लिहिलेले असतील. उपउपांत्य सामन्यापासून पुढच्या सात गोलांचे प्रमाणपत्र मे २०२६ मध्ये येणे आहे. काकूंनी त्याची आठवण करून देण्याचे काम माझ्याकडे सोपवले आहे.